लोणच्यासाठी काकडी घरीच लावताना: कोल्हापूरच्या हवेत बियाण्यापासून बरणीपर्यंत

मार्च उजाडला की ओळखीच्या लोकांचे ठरलेले प्रश्न सुरू होतात. वेल माजला पण काकडी कडू निघाली. फुलं भरपूर आली पण फळ धरलं नाही. लोणचं घातलं आणि आठ दिवसांत लिबलिबीत झालं. या तिन्हीची मुळं बहुतेक वेळा पेरणीच्या आधीच्या तयारीत असतात. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

लोणच्याला बोटाएवढी, कडक, बी न भरलेली काकडी लागते आणि तीही एका वेळी बरणीभर लागते. कोशिंबिरीसाठी लावलेल्या दोन वेलांवर ती मिळत नाही. त्यामुळे वेल किती, पेरायचं केव्हा आणि तोडायचं कधी, हे सगळं बरणीपासून उलटं मोजत यायचं.

## १. आधी हिशेब: वेल किती लावायचे?

एक लिटरच्या बरणीत सहा-सात सेंटीमीटरच्या काकड्या उभ्या रचल्या तर साधारण अर्धा किलो बसतात, म्हणजे वीस-पंचवीस नग. भर बहरात वेल दिवसाला सरासरी एक काकडी देतो असं धरा. तोडलेली काकडी दोन दिवसांपेक्षा जास्त साठवायची नाही. म्हणजे एक बरणी एका दमात भरायची तर निदान दहा वेल हवेत.

दोन-तीन वेल लावणारे आठवडाभर थोडं थोडं साठवत बसतात. पहिल्या दिवसाची काकडी तोवर सुकून आतून पोकळ झालेली असते. तीच पुढे बरणीत मऊ पडते. जागा कमी असेल तर सहा वेल लावा आणि अर्ध्या लिटरची बरणी धरा. काकड्या साठवत मोठी बरणी भरायला जाऊ नका.

तपासा: निवडलेल्या जागी रोज किमान सहा तास थेट ऊन पडतं का? गच्चीवर पिशव्या ठेवणार असाल तर एक ओली भरलेली पिशवी वीस-पंचवीस किलोची होते हे लक्षात ठेवा. दहा पिशव्या स्लॅबच्या मधोमध न ठेवता कठड्यालगत, बीमच्या रेषेत ठेवा.

## २. पेरणी केव्हा?

कोल्हापुरात सगळ्यात जास्त चूक इथे होते. पहिला पाऊस पडला की दोडका, कारली, भोपळा यांच्याबरोबर काकडीचं बीही टाकलं जातं. पण आपल्याकडे जुलैची झड लागली की दिवसच्या दिवस ऊन दिसत नाही. पानं ओली राहतात, मधमाशी बाहेर पडत नाही आणि केवडा रोग आठवड्यात वेल जाळतो. खाण्यापुरत्या चार काकड्या पावसाळ्यातही मिळतील, पण लोणच्याची कडक काकडी सातत्याने मिळणार नाही. गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा पट्ट्यात तर त्या महिन्यांत हा नाद करूच नका.

दोन हंगाम धरायचे:

उन्हाळी: जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा मध्य. तोडणी मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून एप्रिलअखेरपर्यंत चालते. कैरीचं लोणचं घालण्याआधी काकडीच्या बरण्या होऊन जातात, आणि वळवाचा वारा, गारा सुरू होईपर्यंत बहुतेक पीक हाती आलेलं असतं.

पावसानंतरचा: घट बसले की बी टाकायचं. परतीचा पाऊस अधूनमधून येईल, म्हणून पाण्याचा निचरा चोख हवा. तोडणी नोव्हेंबरमध्ये मिळते. डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावते, त्यामुळे या हंगामात उशीर केला की पीक अर्ध्यावर येतं.

पहिल्यांदाच करत असाल तर उन्हाळी हंगाम घ्या. पाणी तुमच्या हातात असतं आणि रोग कमी येतात.

## ३. बियाणं: पाकिटावर काय वाचायचं?

लोणच्यासाठी घेरकिन जातीचं बियाणं सगळ्यात चांगलं. फळ आखूड, बारीक गाठींचं, गर घट्ट. ते मिळालं नाही तर पूना खिरा किंवा शीतलसारखं वाण घ्या आणि फळ कोवळं असतानाच तोडा. लांबलचक, गुळगुळीत, पातळ सालीची पॉलिहाउसची काकडी लोणच्याला घेऊ नका. ती पाणीदार असते आणि मिठात ठेवली की बसते.

पाकिटावर दोन शब्द शोधा. ‘पार्थेनोकार्पिक’ लिहिलं असेल तर फळ धरायला परागीकरण लागत नाही. गॅलरीत किंवा जाळीखाली लावणाऱ्यांसाठी हे सोयीचं. ‘गायनोशियस’ लिहिलं असेल तर वेलावर जवळपास सगळी मादी फुलं येतात, आणि वाण पार्थेनोकार्पिकही नसेल तर पराग देणारं दुसरं बी सोबत लागतं. बऱ्याचदा ते पाकिटातच मिसळलेलं किंवा वेगळ्या रंगात दिलेलं असतं. वेगळं दिसणारं बी खराब समजून फेकून देऊ नका.

सावध: रंगीत, औषध लावलेलं बी भिजत घालू नका आणि हाताळून झाल्यावर हात धुवा. साधं बी मात्र चार-पाच तास कोमट पाण्यात ठेवलं तर लवकर उगवतं.

## ४. पिशवी, वाफा आणि माती

हे काम पेरणीच्या पंधरा दिवस आधी सुरू करायचं.

पिशवी: एका वेलाला १२ इंच रुंद आणि १२ इंच उंच ग्रो बॅग पुरते. १५ इंची असेल तर दोन वेल. तेलाच्या छोट्या डब्यात किंवा आठ इंची कुंडीत वेल उगवतो, वाढतोही, पण एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत माती कोरडी पडते आणि काकडी कडू होते. भांड्याच्या आकारात काटकसर करू नका.

माती: नदीकाठची काळी माती नुसतीच भरली तर पाणी धरून ठेवते आणि वाळली की दगड होते. पश्चिमेकडची तांबडी माती उलट, पाणी लगेच सोडते. दोन्हींवर उपाय एकच. चार भाग माती, तीन भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, तीन भाग धुतलेलं कोकोपीट, आणि प्रत्येक पिशवीला एक मूठ निंबोळी पेंड. कोकोपीट न धुता वापरलं तर त्यातल्या क्षारांनी कोवळी पानं कडेने करपतात. दोनदा पाण्यात भिजवून पिळून घ्या.

शेणखत हातात घेऊन बघा. कुजलेलं खत भुसभुशीत असतं, त्याला मातीचा वास येतो, हात लावला तर गरम लागत नाही. खत चाळून घ्या. त्यात इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली, तपकिरी डोक्याची जाड पांढरी अळी दिसली तर ती हुमणी असण्याची शक्यता मोठी. उसाच्या पट्ट्यात खतातून ती सर्रास येते आणि पिशवीत गेली की मुळं कुरतडते. वेल दुपारी माना टाकतो, लोक पाणी वाढवतात आणि वेल मरतो. ढीग उन्हात पसरून अळ्या वेचून काढा.

सावध: गुऱ्हाळाची किंवा चुलीची राख ‘पोटॅश’ म्हणून ओंजळीने टाकू नका. राख मातीचा सामू (पीएच) वाढवते. घालायचीच तर पिशवीला एखादा चमचा, तोही मातीत मिसळून.

जमिनीत लावणार असाल तर वीत-दीड वीत उंच गादीवाफा करा, दोन वेलांत एक फूट आणि दोन ओळींत चार फूट अंतर ठेवा. मागच्या हंगामात जिथे भोपळा, दोडका, कलिंगड होतं ती जागा टाळा.

मिश्रण भरून झालं की पाणी देऊन आठवडाभर तसंच राहू द्या. माती बसते, तण उगवून येतं, ते उपटून टाकता येतं.

## ५. ताटी आधी, बी नंतर

वेल हातभर वाढल्यावर काठ्या रोवायला गेलं की मुळं तुटतात. म्हणून ताटी पेरणीच्या आधी उभी करा. पाच-साडेपाच फूट उंचीचे बांबू, वर एक आडवा बांबू, आणि चार-सहा इंची घरांची नायलॉन जाळी. बारीक घरांची जाळी घेऊ नका. काकडी घरात अडकते आणि कमरेत दबून वाढते.

ताटी शक्यतो उत्तर-दक्षिण धरा, म्हणजे सकाळचं आणि दुपारचं ऊन दोन्ही बाजूंना मिळतं. गच्चीवर बांबू कठड्याला किंवा पाण्याच्या टाकीच्या स्टँडला तारेने आवळून बांधा. वळीव आला तर पिशव्यांसकट ताटी आडवी होते.

काकडी जमिनीवर पसरू दिली तरी येते. पण जमिनीवरच्या फळाला एका बाजूला पिवळा डाग पडतो, ओल्या मातीला टेकून ते सडतं आणि पानांत लपलेल्या काकड्या तोडायच्या राहतात. लोणच्यासाठी ताटीच हवी.

## ६. पेरणी

काकडीच्या मुळाला हलवलेलं आवडत नाही, म्हणून बी थेट जागेवर टाका. एका ठिकाणी दोन बिया, दीड-दोन सेंटीमीटर खोल. वरून माती हलकी दाबा आणि झारीने पाणी द्या. उबदार हवेत चार ते सहा दिवसांत उगवण होते. जानेवारीअखेरच्या गार रात्रींत आठ-दहा दिवसही लागतात. घाई करून उकरून बघू नका.

थंडी जास्त असेल तर कागदी कपात रोप करा. दोन खरी पानं आली की कप फाडून, मातीचा गोळा न फोडता संध्याकाळी लावा. महिनाभर कपात राहिलेलं रोप पुढे कायम खुरटलेलं राहतं.

दोन्ही बिया उगवल्या तर कमजोर रोप कात्रीने मातीलगत कापा. उपटलं तर शेजारच्याचीही मुळं हलतात.

तपासा: पेरल्यापासून बाराव्या दिवसापर्यंत ज्या पिशवीत काही दिसत नाही तिथे लगेच नवं बी टाका. यापेक्षा उशीर झाला तर तो वेल बाकीच्यांबरोबर फळाला येणार नाही आणि बरणीचा हिशेब चुकेल.

## ७. पाणी, आच्छादन, खत

कडूपणाचं सगळ्यात मोठं कारण पाण्याची ओढाताण. काकडीच्या वेलात कडू द्रव्य मुळातच असतं. ताण बसला की ते फळात, विशेषतः देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली, जमा होतं. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर, असं केलं की कडूपणा येतो आणि फळ वाकडंही होतं.

रोपाला सुरुवातीला अर्धा लिटर पुरतं. फळं लागल्यावर मार्च-एप्रिलच्या उन्हात १२ इंची पिशवीला दिवसाला दोन ते तीन लिटर लागतं. दोन तृतीयांश सकाळी, उरलेलं संध्याकाळी. पाणी बुडाशी द्यायचं, पानांवर नाही. किती द्यायचं हे ठरवायला बोट पेरभर मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी द्या. चिखल लागला तर एक वेळ थांबा.

माती उघडी ठेवू नका. उसाचं पाचट आपल्याकडे हंगामात कुठेही मिळतं. ते वीतभर तुकडे करून तीन-चार बोटं जाड पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. एवढ्या एका गोष्टीने पाण्याची गरज जाणवेल इतकी कमी होते.

खताच्या बाबतीत हात आखडता ठेवा. पेरणीनंतर तीन आठवड्यांनी प्रत्येक वेलाला मूठभर गांडूळ खत. पहिली फुलं दिसली की परत एक मूठ. विद्राव्य खत वापरत असाल तर वाढीच्या काळात १९:१९:१९ आणि फळं लागल्यावर १३:०:४५, लिटरला तीन ग्रॅम, आठवड्यातून एकदा, ओल्या मातीत. युरिया टाकू नका. पानं तळहाताच्या दुप्पट होतात, फुलं उशिरा येतात आणि काकडीचा गर सैल होतो.

जमिनीपासून पहिल्या एक फुटातले फुटवे आणि फुलं खुडून टाका. जीवावर येतं, पण यामुळे खाली हवा खेळते आणि वेल आधी अंग धरतो. शेंडा ताटीच्या वर पोचला की खुडा. बाजूचे फुटवे जोर धरतात.

## ८. फुलं आली, फळ का धरत नाही?

पहिले आठ-दहा दिवस येणारी फुलं बहुतेक नर असतात आणि गळून पडतात. घाबरून फवारणी करू नका. मादी फूल ओळखायला त्याच्या मागे बघा. पाकळ्यांच्या खाली इवलीशी, लव असलेली, नखाएवढी काकडी तयारच दिसते. नर फुलामागे नुसता बारीक देठ.

फूल एकच दिवस उपयोगी असतं, तेही सकाळी. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या येत असतील तर तुम्हाला काही करायचं नाही. मादी फुलामागची छोटी काकडी पिवळी पडून गळत असेल, किंवा फळ देठाकडे जाड आणि टोकाकडे निमुळतं येत असेल, तर परागीकरण अपुरं पडतंय. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग दोन-तीन मादी फुलांच्या मध्यावर हळुवार टेकवा. पार्थेनोकार्पिक वाणाला हे करायचं नाही. त्यात उगाच बी भरतं.

सावध: फूल उमललेलं असताना, म्हणजे सकाळी, कोणतीही फवारणी नाही. कडुनिंबाची असली तरी नाही. संध्याकाळी ऊन उतरल्यावरच.

## ९. कीड आणि रोग

या पिकाची तोडणी रोज असते. औषध फवारल्यावर काही दिवस थांबून तोडायला इथे जागाच नाही. त्यामुळे रासायनिक कीडनाशकाच्या वाटेला जाऊ नका.

फळमाशी हा खरा शत्रू. कोवळ्या काकडीवर टाचणीने टोचल्यासारखा ठिपका दिसतो, त्यावर चिकट पारदर्शक थेंब जमतो. दोन दिवसांत तिथे फळ वाकतं, कापलं तर आत अळ्या. अशी फळं कंपोस्टमध्ये टाकू नका. घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दोन-तीन दिवस उन्हात ठेवा किंवा दीड-दोन फूट खोल पुरा. फुलं दिसू लागतानाच कामगंध सापळा (वासाने नर माश्यांना ओढून पकडणारा) लावा, आणि घेताना ‘क्यू-ल्यूर’ मागा. आंब्याच्या बागेत लावतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा काकडीवरच्या फळमाशीला चालत नाही. दुकानात विचारलं नाही तर बऱ्याचदा तोच हातात पडतो, आणि लोक ‘सापळ्याचा उपयोग होत नाही’ म्हणून मोकळे होतात.

तांबडे भुंगेरे रोपं दोन पानांची असताना पानांची चाळण करतात. सकाळी गारव्याला ते सुस्त असतात, तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका.

मावा, पांढरी माशी: लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्यातून एकदा.

भुरी: पानांवर पिठासारखे पांढरे डाग. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा-दोनदा, सुरुवातीलाच. कडक उन्हाळ्यात गंधक फवारू नका, काकडीची पानं भाजतात.

केवडा: पानाच्या वर शिरांनी आखून दिल्यासारखे कोनाकोनाचे पिवळे डाग, खाली करडी बुरशी. डागाळलेली पानं काढून जाळा, संध्याकाळचं पाणी बंद करा, ताटी विरळ करा.

पानं आकसून हिरव्या-पिवळ्या ठिगळांची झाली तर तो विषाणू. त्याला औषध नाही. वेल उपटा.

## १०. तोडणी: सगळं इथे ठरतं

पेरल्यापासून साधारण ४० ते ५० दिवसांत तोडणी सुरू होते. सहा ते आठ सेंटीमीटर लांबीला काकडी तोडायची. उन्हाळ्यात संध्याकाळी पाच सेंटीमीटरची काकडी उद्या सकाळी तोडणीला आलेली असते आणि परवा हाताबाहेर जाते. म्हणून रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, ताटीच्या दोन्ही बाजूंनी बघायचं.

हाताने ओढू नका. वेल सोलला जातो. छोट्या कात्रीने, अर्धा सेंटीमीटर देठ ठेवून कापा.

एखादी काकडी पानाआड राहून जाड झाली, तर ती ‘बघू किती वाढते’ म्हणून ठेवू नका. बी भरायला लागलं की वेलाला आपलं काम झालं असं वाटतं आणि नवीन मादी फुलं कमी होतात. ती काढा आणि थालीपिठात किंवा कोशिंबिरीत घाला. बरणीत तिला जागा नाही. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना पाण्याबरोबर तोडणीचंही सांगून जा. काकड्या त्यांनी खाल्ल्या तरी चालेल, वेलावर राहता कामा नयेत.

तपासा: प्रत्येक वेलाची पहिली काकडी देठाकडून कापून चाखा. कडू लागली तर त्या वेलाचं पाणी सुधारा आणि पुढच्या दोन-तीन काकड्या चाखूनच बरणीला घ्या. मिठाने कडूपणा जात नाही.

## ११. वेलावरून बरणीत

तोडलेली काकडी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी बरणीत जायला हवी. धुवायची ती घालायच्या वेळीच. आधी तास-दोन तास गार पाण्यात ठेवली की ताठ होते.

आता ज्या चुकीने सगळ्यात जास्त बरण्या मऊ पडतात ती. काकडीच्या फुलाकडच्या टोकाला गर मऊ करणारे घटक असतात. त्या टोकाची दोन-तीन मिलिमीटरची चकती कापून टाका. सुकलेलं फूल चिकटलेलं असेल तर तेही काढा. देठाचं टोक आणि फुलाचं टोक यांत गोंधळ होत असेल तर दोन्ही कापा.

खाऱ्या पाण्यातलं लोणचं: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६० ग्रॅम खडे मीठ किंवा सैंधव. आयोडीनच्या बारीक मिठाने पाणी गढूळ होतं. सोबत लसूण, मोहरी, मिरी, दोन-तीन हिरव्या मिरच्या. काकड्या पाण्याखाली राहतील असं वर वाटीचं वजन ठेवा. मार्च-एप्रिलच्या उष्म्यात तीन-चार दिवसांतच आंबट होतं, म्हणून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा आणि रोज झाकण सैल करून वायू जाऊ द्या. चव जमली की फ्रिजमध्ये. वर पातळ पांढरी साय आली तर काढून टाका. रंगीत बुरशी, घाण वास किंवा बुळबुळीतपणा आला तर अख्खी बरणी फेका.

व्हिनेगरचं: पाणी व्हिनेगरपेक्षा जास्त कधीच नको. मीठ, साखर घालून उकळा आणि काकड्यांवर ओता. गार झालं की फ्रिजमध्ये ठेवा.

मोहरी फेसून: काकडीचे तुकडे मीठ लावून दोन तास निथळा, पाणी पूर्ण पिळून काढा. मोहरीची डाळ थोड्या पाण्यात नाकात झणका जाईपर्यंत फेसा, हळद, तिखट, लिंबाचा रस घाला, वर गार केलेली हिंगाची फोडणी. हे फ्रिजमध्येही चार-पाच दिवसांचंच. फोडणी गरम ओतली तर मोहरीचा झणका जातो.

तिन्हींसाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी. अॅल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नाही.

मे महिन्यात वेल उतरवले की ते पिशवीतच कुजू देऊ नका, मातीत फळमाशीचे कोष असतात. पिशव्या रिकाम्या करून माती फरशीवर पसरा आणि आठ-दहा दिवस कडक ऊन द्या. त्याच मातीत पावसाळ्यात मेथी, कोथिंबीर किंवा मिरची घ्या. घट बसतील तेव्हाच्या काकडीला दुसऱ्या पिशव्यांतली माती वापरा.